कॉलेजच्या समुपदेशन कक्षात समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींची लोकलाजेची भीती कशी हाताळावी?

घाटमाथा

तालुक्याच्या कॉलेजातला समुपदेशन कक्ष डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातून तीन दिवस उघडा, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि दाराबाहेर स्कॉलरशिपच्या फॉर्मची रांग. मुलं येतात ती 'अभ्यासात लक्ष लागत नाही', 'झोप येत नाही', 'छातीत धडधडतं' म्हणून. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतला की बेरीज १२, १५, १७ अशी येते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यातली काही सांगतात की आपण गे आहोत, लेस्बियन आहोत, किंवा घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं पण आपण मुलगी आहोत. तिथून पुढे विचार लिहून तपासायची नेहमीची पद्धत अडखळायला लागते.

विचारांच्या तक्त्यात मुलगा लिहितो, 'घरी कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत.' पुस्तकाप्रमाणे विचारायचं, याला पुरावा काय आणि विरुद्ध पुरावा काय. पुराव्याचा रकाना भरून वाहतो, विरुद्धचा कोरा. मग पुढे काय?

दुसरी अडचण पालकांची. त्यांना कुठून तरी कुणकुण लागते, ते येऊन बसतात आणि 'काय औषध असेल ते द्या, पण पोरगं नीट करा' म्हणतात. तिसरी अडचण कागदाची. केसपेपरवर काय लिहायचं? कपाटाची एक चावी ऑफिसात असते.

सिद्धांत असला तर कामापुरता सांगा. स्वानुभव नकोत, पद्धत हवी आहे.

---

सरळरेघ

कामापुरता सिद्धांत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. इलन मायर यांनी १९९५ मध्ये आणि नंतर २००३ मध्ये 'अल्पसंख्याक ताणा'ची मांडणी केली. समलिंगी असण्यामुळे कोणी आजारी पडत नाही. आजारी पाडतो तो रोजच्या ताणावर चढलेला जादा ताण. त्यातला काही बाहेरून येतो: मार, टोमणे, हॉस्टेलच्या खोलीतून हकालपट्टी. काही आत मुरलेला असतो: कोणीतरी वाईट वागेलच ही सततची धास्ती, लपवणं, आणि लहानपणापासून कानावर पडलेलं स्वतःबद्दल खरं मानून बसणं.

यातलं सगळ्यात जास्त शक्ती खाणारं काम लपवण्याचं, असं माझं मत. आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं. 'कोणी त्रास देतं का?' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'नाही' येतं. कोणाला माहीतच नाही तर त्रास देणार कोण? आपण 'छळाचा इतिहास नाही' असं लिहून मोकळे होतो.

लपवणं मराठीत विशेष जड जातं, हे इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. मराठीत क्रियापद चुगली करतं. 'काल कोण आलं होतं रे खोलीवर?' याला 'फ्रेंड' म्हणून भागत नाही, पुढे 'आला होता' की 'आली होती' ते बोलावंच लागतं. म्हणून ही मुलं कर्ता गिळून बोलायला शिकतात: 'आम्ही गेलेलो', 'बाहेर जेवण झालं', 'फोन चालू होता'. ट्रान्स मुलांचं तर स्वतःबद्दलचं साधं वाक्यही परीक्षा घेतं, 'मी आलो' की 'मी आले'. दिवसातून शंभरदा. संध्याकाळी डोकं दुखतं ते उगाच नाही. (कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली सहज 'मी आलो' म्हणतात. त्यावरून भलते अंदाज बांधू नका.)

पहिल्या भेटीत म्हणून १८ वर्षांच्या मुलालाही 'तुम्ही' म्हणा. 'तुम्ही कधी आलात', 'तुम्ही कुठे राहता' यांत लिंग येत नाही. 'गर्लफ्रेंड आहे का?' या जागी 'जवळचं कोणी आहे का?' विचारा. समोरच्याने स्वतःहून विषय काढल्यावरच, आणि खोलीत तिसरं माणूस नसताना, 'तुमच्याबद्दल बोलताना कसं बोलू?' असं विचारायचं. घरचे समोर असताना कसं बोलायचं तेही त्याच वेळी ठरवून घ्या. नाहीतर आईसमोर तुमच्याच तोंडून 'ती' निघून जाईल.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत १५ मिनिटं काढून कालचा दिवस कागदावर घ्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे जपून वागावं लागलं? मोबाइलमध्ये जोडीदाराचं नाव 'गॅस एजन्सी' म्हणून सेव्ह आहे, नोटिफिकेशन बंद आहेत, पॅटर्न लॉक रोज बदलतो, कट्ट्यावर हसताना हात तोंडावर जाऊ नये म्हणून खिशात ठेवले जातात, मित्र पोरींबद्दल बोलायला लागले की एखादं नाव आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पानभर यादी निघते. मुलाला ती पहिल्यांदाच एका जागी दिसते आणि थकवा कशाचा आहे ते कळतं. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: हे केलं नाही तर खरोखर धोका आहे की ही सवय झाली आहे?

इथून तुमच्या तक्त्याकडे येतो. 'घरी कळलं तर ठेवणार नाहीत' हा विचार चुकीचा आहे असं गृहीत धरून त्याच्याशी भांडायला जाऊ नका. तो खरा असू शकतो. खऱ्या भीतीला 'विचारातली चूक' म्हटलं की मूल पुढच्या आठवड्यात येत नाही. वाक्याचे तुकडे करा. कळण्याची शक्यता किती, आणि कोणाकडून? कळलंच तर आई काय करेल, बाबा काय करतील, आजी, काका, प्रत्येकाचं वेगळं लिहा ('घरचे' नावाचा एकच माणूस नसतो). आणि तसं झालं तर पहिल्या रात्री झोपायचं कुठे? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की धडधड बरीच उतरते, आणि ती समजुतीने उतरलेली नसते, तरतुदीने उतरलेली असते.

'माझ्या चालण्यावरून सगळ्या वर्गाला कळतं' हा वेगळ्या जातीचा विचार. तो तपासता येतो. वर्गात मागून पुढे चालत जायचं आणि किती जणांनी मान वर केली ते मोजायचं. आणि 'माझी लायकीच नाही' हा तिसऱ्या जातीचा. तिथे पुरावा मागू नका, मूळ मागा: हे वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं? बहुतेक वेळा पाचवी-सहावीतला पीटीचा तास आणि 'बायल्या' हा शब्द निघतो. आवाज दुसऱ्याचा आहे हे दिसलं की तो थोडा लांब जातो. जॉन पाचांकिस आणि सहकाऱ्यांनी अशीच बेतलेली १० सत्रांची पद्धत तरुण गे आणि बायसेक्शुअल पुरुषांवर तपासली (२०१५) आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'घरी सांगून टाक, मोकळं वाटेल' हा सल्ला. फी आणि मेसचे पैसे बाबांकडून येत असताना, ऐन परीक्षेच्या तोंडावर, सांगणं हा उपचार होत नाही. आधी तीन महिन्यांपुरते पैसे, राहायची एक जागा, घरातलं निदान एक बाजूचं माणूस, आणि आधार, मार्कशीट, दाखला यांच्या मूळ प्रती स्वतःच्या हातात. हे जमेपर्यंत न सांगणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

---

पिंपळपान

सरळरेघ यांच्याशी सहमत. औषधाच्या बाजूने भर घालतो.

पीएचक्यू-९ मध्ये १० च्या पुढे मध्यम, १५ च्या पुढे बऱ्यापैकी तीव्र, २० च्या पुढे तीव्र नैराश्य धरतात. पण बेरजेआधी नववा प्रश्न बघा. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर त्याच भेटीत थेट विचारायचं: मरावंसं वाटतं का, कसं ते ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं कुलपात जायला हवीत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. हे घरच्यांना सांगताना धोका सांगा, कारण सांगू नका. 'सध्या फार ताणात आहे, लक्ष ठेवा, एकटं सोडू नका' एवढं पुरतं. कक्ष बंद असताना फोन करायला टेली-मानसचा १४४१६ द्या. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एसएसआरआय (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक प्रकार) सुरू केलं तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा ते आठ. २५ च्या आतल्या वयात पहिल्या महिन्यात बेचैनी वाढून आत्महत्येचे विचार उसळू शकतात, म्हणून दर आठवड्याला भेट हवी. आता जे सहसा कोणी सांगत नाही ते. या गोळ्यांनी कामेच्छा कमी होते, वीर्यस्खलन लांबतं. मुलगा म्हणतो, 'आता तसे विचार येत नाहीत.' घरचे म्हणतात, 'बघा, गुण आला!' गुण वगैरे काही नसतो, तो गोळीचा दुष्परिणाम. याच भ्रमावर काही जणांची दुकानं चालतात. गोळी सुरू करतानाच मुलाला हे सांगून ठेवा. पुढे गोळी बंद झाल्यावर आकर्षण परत आलं की तो 'मी पुन्हा बिघडलो' म्हणून खचतो, ते टळेल.

पालक 'हार्मोनची टेस्ट' मागतात. मुलगा गे आहे का हे टेस्टोस्टेरॉन मोजून कळत नाही आणि ते वाढवून बदलत नाही. पैसे वाचवा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला शिका. ओसीडीच्या (नकोसे विचार पुन्हा पुन्हा छळण्याच्या आजाराच्या) काही रुग्णांना 'मी गे तर नाही ना?' हा विचार छळतो. ढोबळ फरक असा: समलिंगी मुलाला ओढ जाणवते, तो परिणामांना घाबरतो. ओसीडीच्या मुलाला ओढीतलं सुख नसतं, तो दिवसभर स्वतःची परीक्षा घेतो, शरीरात काही हललं का तपासतो, गुगलवर चाचण्या सोडवतो, पुन्हा पुन्हा खात्री मागतो. त्याला 'स्वतःला स्वीकार' म्हटलं तर आजार वाढतो. शंका आली की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा.

पालकांसाठी माझं ठरलेलं वाक्य: 'याच्या झोपेवर आणि उदासीवर औषध आहे, ते देऊ. समलिंगी असण्यावर औषध नाही, कारण तो आजार नाही.' याला जोर हवा असेल तर: अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्या यादीच्या आयसीडी-१० या आवृत्तीत एफ ६६.१ असा एक चोरदरवाजा उरला होता, म्हणजे 'स्वतःच्या लैंगिक कलामुळे त्रस्त'. बदलून द्यायची भाषा करणारे त्याच्या आड लपायचे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तोही नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात असल्या 'उपचारां'ना मनाई केली आणि त्यापाठोपाठ २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सगळ्या राज्य परिषदांना कळवलं की डॉक्टरने हे करणं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते.

---

पेठेतला_तात्या

सगळं वाचलं. पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर २०१८ मध्येच निकालात निघालं. मुंबई-पुण्यात दरवर्षी मोर्चे निघतात, सिरियलमध्ये पात्रं येतात. मग अजून हे 'लोकलाज लोकलाज' कशाला? मुळात मुलंच नाजूक झाली आहेत असं नाही का?

---

सरळरेघ

तात्या, प्रश्न रास्त आहे, फक्त शेवटचं वाक्य सोडून.

कायद्याने फरक पडतो, हे मोजलं गेलं आहे. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही राज्यांनी समलिंगी विवाहावर घटनादुरुस्तीने बंदी घातली. हॅट्झेनब्यूलर यांच्या २०१० च्या अभ्यासात त्या राज्यांतल्या समलिंगी लोकांमध्ये मनःस्थितीचे विकार ३६.६ टक्क्यांनी वाढलेले दिसले, तिथल्याच भिन्नलिंगी लोकांत तशी वाढ नव्हती. माणसं तीच, नाजूकपणा तोच, बदलला तो फक्त कायदा. उलट बाजूने, जिथे असे विवाह कायदेशीर झाले तिथे हायस्कूलच्या मुलांतलं आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात आलं.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने पोलिसांची भीती गेली. पण तालुक्यातल्या मुलाला भीती पोलिसांची नव्हतीच, भावकीची होती. धाकट्या बहिणीचं लग्न मोडेल ही होती. निकालाची प्रत भावकीत वाटली जात नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मिळाला नाही, त्यामुळे 'पुढे तुझं कोण?' या आईच्या प्रश्नाला कागदावरचं उत्तर अजून नाही.

---

काळाकोट

कागदाचा विषय निघालाच आहे तर घाटमाथा यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचं. एखाद्याला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी माहिती द्यावी लागलीच, तर त्या इजेपुरतीच द्यायची, त्यापलीकडे नाही. वर पिंपळपान 'धोका सांगा, कारण सांगू नका' म्हणाले, ते कायद्यालाही धरून आहे. कॉलेजचा समुपदेशक त्या व्याख्येत बसतो की नाही यावर काथ्याकूट करत बसू नका, नियम तोच पाळा. नोंदीत 'कौटुंबिक ताण, झोप, नैराश्याची लक्षणं, गुणांकन १५' पुरे. लैंगिक कल उपचारासाठी लिहिणं खरंच गरजेचं नसेल तर लिहू नका. लिहिलाच तर मुलाला विचारून, नावाऐवजी क्रमांक घालून, आणि नाव-क्रमांकाची वही दुसऱ्या कुलपात.

एक अपवाद पहिल्याच भेटीत, तोंड उघडायच्या आधी सांगायचा. मूल १८ च्या आतलं असेल (अकरावी-बारावीची असतातच) आणि शारीरिक संबंधांचं बोलणं निघालं, तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ खाली कळवणं बंधनकारक आहे. संमती होती का, दोघंही सोळा-सतराची होती का, कायदा बघत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. ही मर्यादा आधी न सांगता सगळं वदवून घ्यायचं आणि मग पोलिसांकडे जायचं, हा विश्वासघात आहे. आधी सांगितलं तर किती बोलायचं ते मूल ठरवू शकतं.

पालक भूतबाधा समजून बुवाकडे नेत असतील तर वैद्यक आयोगाचा उपयोग नाही, बुवा डॉक्टर नसतो. तिथे आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

सज्ञान मुलगी घरातून निघाली की घरचे 'मिसिंग' दाखल करतात. तिने वयाचा पुरावा घेऊन जिथे आहे तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्यावा: 'मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने आले आहे.' प्रत गावच्या ठाण्याला रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने. पोहोच जपून ठेवा. प्रकरण हेबियस कॉर्पसपर्यंत (माणसाला कोर्टापुढे हजर करा, या याचिकेपर्यंत) गेलं तर सर्वोच्च न्यायालयाची ११ मार्च २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत, खासगीत बोलायचं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करायचा नाही.

'वेडी आहे' म्हणून दवाखान्यात टाकणं सोपं नाही, पण होतं. वरच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे मर्जीविरुद्ध दाखल करायला दोन जणांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. या कलमाखाली कमाल मुदत ३० दिवस. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. आणि कलम ३ सांगतं की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चालीत न बसणं या कारणावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

यावरचा सर्वांत स्वस्त इलाज याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे आणि फार कमी जण तो वापरतात. १८ पूर्ण झालेलं कोणीही साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, स्वतःचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतं. तो नातेवाईकच असावा असं नाही. मैत्रीण चालते, जोडीदार चालतो, फक्त तो सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. स्टॅम्पपेपर लागत नाही, वकीलही लागत नाही. (आमच्या धंद्याला हे परवडत नाही, पण असो.) हा कागद नसेल तर क्रमाने नातेवाईक पुढे येतात, म्हणजे ज्यांची भीती त्यांच्याच हाती निर्णय. एक प्रत मुलाकडे, एक त्या मैत्रिणीकडे, एक फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये.

---

माजघर

पालकांसोबत काम करताना कुठे घसरतं ते सांगते.

पालक येतात तेव्हा तेही लोकलाजेचेच रुग्ण असतात. फरक इतकाच की त्यांना लपवायचं काम आज सकाळपासून लागलं आहे आणि मुलाने ते दहा वर्षं केलं आहे. आईचं पहिलं वाक्य 'आमचं काय चुकलं?' आणि बाबांचं 'हे कोणाला कळता कामा नये'. या दोन वाक्यांना वेगवेगळी उत्तरं द्यावी लागतात. आईला: लाड केल्याने, बाप दुबईला असल्याने, बहिणींत वाढल्याने कोणी समलिंगी होत नाही. बाबांना: 'कोणाला सांगायचं नाही हे तर ठीकच, सध्या मुलालाही तेच हवं आहे.' बाबांचा खांदा तिथे एकदम सैल पडतो. मुलगा आणि बाप एका बाजूला आहेत हे त्यांना पहिल्यांदाच जाणवतं.

पहिल्या भेटीत 'स्वीकारा' हा शब्द काढूच नका. एकदम मोठा घास होतो. मागणी छोटी आणि मुदतीची ठेवा. पुढचे सहा महिने स्थळं बघायची नाहीत. मोबाइल तपासायचा नाही. जेवायला एकत्र बसायचं, अबोला धरायचा नाही. मित्रमैत्रिणी तोडायच्या नाहीत. एवढं चारच. नातेवाईकांना द्यायला उत्तर पालकांना तिथेच पाठ करून द्या: 'सध्या त्याचं करिअरचं चाललंय, पुढे बघू.' उत्तर तयार नसलं की मामीच्या एका फोनवर सगळं ढासळतं.

छोट्या गोष्टी का, तर केटलिन रायन यांचा २००९ चा अभ्यास बघा. ज्या तरुणांना किशोरवयात घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, नकार नसलेल्या किंवा नगण्य असलेल्यांच्या ८.४ पट होतं. आणि तिथे 'नकार' म्हणजे घराबाहेर काढणं एवढंच नव्हतं. मित्र तोडायला लावणं, 'तुझ्यामुळे मान खाली गेली' म्हणणं, घरातल्या कार्यक्रमाला न बोलावणं हेसुद्धा त्यात मोजलेलं आहे. नकार मध्यम झाला तरी धोका उतरतो. पालकांनी मोर्चात जायची गरज नाही, टोमणा गिळला तरी सुरुवात झाली.

'लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर' यावर मी ऐकून घेत नाही. विचारते, 'तुमच्या मुलीचं असं लग्न लावाल का, समोरचा मुलगा असा आहे हे माहीत असताना?' खोली शांत होते. बायको म्हणून येणाऱ्या मुलीचं आयुष्यही या हिशोबात धरायचं असतं, आणि मुलींच्या बाबतीत तर लग्नानंतरच्या रात्री काय होणार याचा विचार कोणी करत नाही. लेस्बियन मुलींना वेळ कमी मिळतो हेही ध्यानात ठेवा. मुलगा २८ पर्यंत 'करिअर' सांगून ढकलू शकतो, मुलीला शेवटच्या वर्षाच्या निकालादिवशीच स्थळ येतं. तिच्या बाबतीत नोकरी किंवा शहरातला पुढचा कोर्स हाच अर्धा उपचार असतो.

पालकांना दुसऱ्या पालकांशी बोलायला द्या. मुंबईतला 'स्वीकार' हा पालकांचाच गट आहे. मराठीतून साहित्य हवं असेल तर पुण्याच्या समपथिक ट्रस्टने २००२ पासून काम केलं आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह समुपदेशकांसाठी क्वीअर-अनुकूल (समलिंगी, ट्रान्स वगैरे सगळ्यांना समजून घेणाऱ्या) समुपदेशनाचा कोर्स घेतं, तो तुमच्यासाठी.

---

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. ट्रान्स विद्यार्थिनीचं हजेरीपटावर जुनं नाव आहे. सर ते रोज मोठ्याने पुकारतात आणि मागून हशा येतो. कागदपत्रं बदलायला वेळ लागेल, तोवर काय? आणि हॉस्टेलमधल्या चिडवण्याला नियम कुठला?

---

काळाकोट

दुसऱ्याचं आधी. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. लिंगभाव (ट्रान्सजेंडर धरून) आणि लैंगिक कल यांवरून केलेला शारीरिक-मानसिक छळ, वगळणं धरून, आता रॅगिंगच आहे. 'गंमत केली' चालत नाही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तक्रार करण्याआधी मुलाला विचारा मात्र. चौकशीत 'का चिडवतात?' हा प्रश्न येणार, आणि उत्तर बाबांना पाठवलेल्या पत्रात छापलं जाऊ शकतं.

---

सरळरेघ

हजेरीला कागद लागतच नाही. आडनाव पुकारा किंवा रोल नंबर पुकारा, साऱ्या वर्गासाठी तीच पद्धत ठेवा, म्हणजे एकीसाठी वेगळं केलं असं दिसणार नाही. सरांना कारण सांगायचीही गरज नाही, 'रोल नंबरने वेळ वाचतो' एवढं पुरे. नावाचा परिणाम किती असतो ते २०१८ च्या रसेल यांच्या अभ्यासात आहे: घर, शाळा, कामाची जागा, मित्र यांपैकी आणखी एका ठिकाणी जरी निवडलेलं नाव वापरलं गेलं, तरी ट्रान्स तरुणांमधले आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी दिसले. कक्षात तुम्ही ते नाव वापरा. एक ठिकाण तिथेच झालं.

---

घाटमाथा

रोल नंबर उद्यापासून. कक्षाचा फॉर्मही बदलतो. 'वडिलांचा मोबाइल' हा रकाना काढून 'अडीअडचणीला कोणाला फोन करायचा? (नातं लिहिण्याची गरज नाही)' असा टाकतो. 'लिंग: पु./स्त्री' काढून कोरी रेघ ठेवतो.

---

माजघर

फोनच्या रकान्याखाली आणखी एक ओळ घाला: 'कोणाला फोन करायचा नाही?' ती ओळ भरून घेताना घाई करू नका.